देवाशी ‘तू’ म्हणून बोलताना : आठ दिवसांच्या मौनसाधनेचा अभिप्राय

गेल्या नोव्हेंबरात मी गोव्यातील एका येशूसंघीय साधनागृहात आठ दिवसांची मौनसाधना केली. त्या गोष्टीला आता आठ महिने झाले. परत आल्याबरोबर लिहायचे मी मुद्दाम टाळले, कारण अशा ठिकाणाहून आल्यावर काही दिवस मन भरून आलेले असते आणि त्या भरात लिहिलेला अभिप्राय लिहिणाऱ्याला सुखावतो, वाचणाऱ्याच्या मात्र फारसा कामाला येत नाही. अशा साधनेची परीक्षा घरी परतल्यावर, स्वयंपाकघरात, बँकेच्या रांगेत आणि रात्री दोन वाजता झोप उडाल्यावर होते. साधनागृहाचे नाव मी येथे देत नाही. ज्या फादरांनी मला मार्गदर्शन केले त्यांची तशी इच्छा होती, आणि मला काही उणिवाही नोंदवायच्या आहेत. शिवाय येशूसंघाचे, म्हणजे ज्यांना आपण जेज्वीट म्हणतो त्या कॅथॉलिक धर्मसंघाचे, अशा प्रकारचे काम भारतात अनेक ठिकाणी चालते आणि माझे बरेचसे म्हणणे पद्धतीविषयी आहे, इमारतीविषयी नाही.

मी अहमदनगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची. आमच्या गावात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले आणि आमचे घराणे तीन पिढ्यांपासून त्याच परंपरेतल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आहे. शब्बाथ शाळेत पाठ केलेली सुवर्णवचने, रात्रीच्या जेवणानंतरची कौटुंबिक प्रार्थना, नाताळच्या आधीची भजने, हे सारे मला घरातल्या भांड्याकुंड्यांइतके ओळखीचे आहे. चौतीस वर्षे मी शाळेत शिकवले आणि त्यातली वीस वर्षे मंडळीच्या महिला मंडळात प्रार्थना चालवली. तीन वर्षांपूर्वी माझे यजमान दीर्घ आजारानंतर गेले. सात महिने मंडळी त्यांच्यासाठी प्रार्थना करत होती. मी स्वतः उपास केले होते. ते गेल्यावर जो तो येऊन ‘देवाची इच्छा’ असे म्हणे आणि मीही मान हलवत असे, कारण इतरांच्या घरी अशा प्रसंगी मी स्वतः तेच म्हटले होते. त्यानंतर माझी प्रार्थना बंद पडली असे झाले नाही. महिला मंडळात कोणी ‘बाई, आपण प्रार्थना करा’ म्हणाले की ‘हे कृपाळू, दयाळू स्वर्गीय पित्या’पासून ‘येशूच्या नावाने मागतो, आमेन’पर्यंत सगळे शब्द ओळीने बाहेर पडत, आणि घरी येऊन एकटी बसले की एक शब्दही सुचत नसे.

मराठीत आपण देवाला ‘तू’ म्हणतो, ही गोष्ट मला त्या काळात पहिल्यांदा विचित्र वाटू लागली. आमच्या घरी आईला ‘अगं आई’ आणि वडिलांना ‘अहो बाबा’ अशी रीत होती. वडिलांना ‘तू’ म्हणण्याचे धाडस आम्हा भावंडांपैकी कोणी केले नसते. स्वर्गीय पित्याला मात्र बोलता येऊ लागल्यापासून ‘तू’. गेथशेमानेच्या बागेत येशूने ज्या ‘अब्बा’ या अरामी शब्दाने हाक मारली (मार्क १४:३६) त्यातली घरची जवळीक मराठी माणसाला या एका सर्वनामामुळे आयती मिळालेली आहे. पण माझ्या प्रार्थनेत जवळिकीचे म्हणून तेवढेच सर्वनाम उरले होते, बाकी सारी भाषा कचेरीत द्यायच्या अर्जाची झाली होती : प्रथम आभार, मग विनंती, मग विनंतीचे कारण, शेवटी सही. म्हणून मी साधनेला गेले तेव्हा माझ्यासमोर एकच प्रश्न होता आणि त्याच एका प्रश्नावर मी ही साधना जोखते आहे : मला देवाशी खरे बोलता येईल का, आणि घरी आल्यावरही ते टिकेल का?

पद्धतीची थोडी ओळख आवश्यक आहे, कारण आमच्यासारख्या प्रोटेस्टंट मंडळींत ‘रिट्रीट’ म्हणजे तीन दिवस भाषणे, गटचर्चा आणि गाणी असाच अर्थ घेतला जातो आणि तीच अपेक्षा ठेवून कोणी गेले तर त्याची निराशा होईल. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय जायबंदी झालेला इग्नेशियस लोयोला नावाचा स्पॅनिश सरदारपुत्र महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळून होता. पडल्यापडल्या तो कधी दरबारी पराक्रमाची स्वप्ने रंगवी, तर कधी हाताशी असलेली ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रे वाचून त्यांच्यासारखे होण्याचा विचार करी. दोन्ही विचार त्या त्या वेळी गोडच वाटत. पण पहिल्या प्रकारचे विचार ओसरल्यावर मन कोरडे पडते आणि दुसऱ्या प्रकारचे ओसरल्यावरही समाधान मागे राहते, हा फरक त्याच्या ध्यानात आला. पुढे मान्रेसा या गावी त्याने अनेक महिने प्रार्थनेत काढले आणि आपल्या अनुभवाच्या टिपणांतून साधनेचे एक मार्गदर्शन तयार केले, त्याला पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये मान्यता दिली. मूळ साधना सुमारे तीस दिवसांची, चार ‘आठवड्यां’ची आहे, आठ दिवसांची साधना हे तिचे आटोपशीर रूप. गोव्याशी या साधनेचे नाते जुने आहे, कारण १५४२ मध्ये गोव्यात उतरलेल्या फ्रान्सिस झेवियरने ती पॅरिसमध्ये खुद्द इग्नेशियसकडून घेतली होती.

हे मार्गदर्शन वाचण्यासाठी लिहिलेले नाही, साधना देणाऱ्याने हाताशी ठेवण्यासाठी लिहिलेले आहे, हे मला तेथे गेल्यावर कळले. आठ दिवसांत त्यातले फारच थोडे मला सांगण्यात आले. त्यातल्या सुरुवातीच्या सूचनांत असे म्हटले आहे की साधना देणाऱ्याने मुद्दा थोडक्यात सांगावा, कारण पुष्कळ जाणल्याने जीव तृप्त होत नाही, आतून चव घेतल्याने होतो. आणि त्याने साधकाला कोणत्याही बाजूला ढकलू नये, तराजूच्या काट्यासारखे मध्ये राहावे आणि निर्माणकर्त्याला आपल्या निर्मितीशी थेट व्यवहार करू द्यावा. या दोन सूचना मला या सेवेचा पाया वाटतात. आपल्याकडे धार्मिक मार्गदर्शन म्हटले की मार्गदर्शकच बोलतो. येथे तो मुख्यतः ऐकतो आणि वेळ आली की बाजूला होतो.

दिनक्रम साधा होता. आम्ही बावीस जण होतो. बहुसंख्य सिस्टर, काही धर्मगुरू आणि पाच प्रापंचिक. पहिल्या संध्याकाळी मोबाईल पाकिटात घालून कार्यालयात जमा केला आणि घरच्यांना तेथील लँडलाईनचा क्रमांक दिला. सकाळी सहाला घंटा, त्यानंतर दिवसभरात चार वेळा एकेक तासाची वैयक्तिक प्रार्थना, संध्याकाळी मिस्सा, म्हणजे कॅथॉलिकांची प्रभुभोजनाची उपासना, आणि रात्री अर्धा तास चॅपेलमध्ये एकत्र मूक प्रार्थना. रोज एकदा, अर्धा ते पाऊण तास, आपापल्या मार्गदर्शकाची भेट. बोलण्याची मुभा तेवढीच. जेवणही मौनात. सकाळी दहाच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज आणि लोणचे, दुपारी शीत-कडी आणि मासळी, रात्री भाजी आणि पाव. ताटावर कोणाशी बोलायचे नसले म्हणजे समोरच्याला काय हवे आहे याकडे आपोआप लक्ष जाते. तिसऱ्या दिवसापासून शेजारच्या वयस्कर सिस्टर माझ्याकडे मीठ न मागता सरकवत असत. खोली लहान होती, एक पलंग, टेबल, खुर्ची, भिंतीवर क्रूस. खिडकीतून माडांची झाडे दिसत आणि वारा पडला की समुद्राचा आवाज येई. स्वच्छतेबद्दल तक्रारीला जागा नाही.

आता मुख्य भागाकडे, म्हणजे त्या रोजच्या अर्ध्या-पाऊण तासाकडे वळते.

पहिल्या दिवशी फादरांनी यशयाच्या त्रेचाळिसाव्या अध्यायातली सुरुवातीची चार वचने दिली आणि एक लहानशी कृती सांगितली. प्रार्थनेला ज्या खुर्चीवर बसायचे तिच्याआधी एकदोन पावले थांबायचे, आणि प्रभूची प्रार्थना म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ देव माझ्याकडे पाहतो आहे, कसा पाहतो आहे, एवढेच मनात आणायचे. मग बसायचे. ऐकताना मला ती कृती फार क्षुल्लक वाटली होती. आज आठ महिन्यांनंतर साऱ्या साधनेतली ती एक गोष्ट मी एकही दिवस चुकवत नाही. प्रार्थना म्हणजे आपण देवाकडे पाहणे असे आयुष्यभर धरून चालले होते. तो आधीपासून पाहत बसला आहे आणि मी खोलीत उशिरा शिरते आहे, हा क्रम त्या दोन पावलांनी उलटा झाला.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन गेले. त्या चार वचनांवर मी तीन मुद्दे काढले होते, प्रत्येकाला संदर्भाची वचने जोडली होती, बाबेलच्या बंदिवासाची पार्श्वभूमीही लिहिली होती. फादरांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “ताई, हे प्रवचन चांगले आहे. ह्यात तुम्ही कुठे आहात?” मला उत्तर देता आले नाही. त्यांनी तीच वचने पुन्हा दिली. ही ‘पुनरावृत्ती’ पद्धतीचाच भाग आहे : जेथे मन हलले किंवा जेथे ते अडले त्याच ठिकाणी परत जायचे, नव्याच्या मागे धावायचे नाही. शिक्षिकेला हे अवघड जाते, कारण धडा पुढे सरकला पाहिजे अशी आमची सवय असते.

तिसऱ्या दिवशी मी यजमानांच्या आजाराबद्दल बोलले. बोलताना आवाज चढला, आणि सात महिन्यांच्या प्रार्थनांचा, उपासांचा, शेवटच्या रात्रीचा सगळा हिशेब मी त्या अनोळखी माणसापुढे मांडला. मला वाटले होते ते सांत्वन करतील किंवा रोमकरांस पत्रातले एखादे वचन सांगतील. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी विचारले, “हे तुम्ही मला सांगितलेत. त्याला सांगितलेत का?”

सांगितले नव्हते. तीन वर्षांत एकदाही नाही. मंडळीसमोर सांगण्याचा प्रश्नच नव्हता, पण दार लावून घेतलेल्या खोलीतही मी देवापुढे तोच चेहरा घेऊन बसत होते जो रविवारी उपासनेला नेते. त्यांनी मला अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र दिले. दीडशे स्तोत्रांत दुःखाची आणि तक्रारीची स्तोत्रे पुष्कळ आहेत, पण त्यातली बहुतेक शेवटी कोठेतरी विश्वासाच्या किंवा स्तुतीच्या ओळीवर येऊन टेकतात. हे एक स्तोत्र टेकत नाही. मूळ इब्रीत त्याचा शेवटचा शब्दच ‘अंधार’ असा आहे. असे स्तोत्र देवाच्या वचनात ठेवले गेले, शतकानुशतके उपासनेत म्हटले गेले, याचा अर्थ मी कधी लावलाच नव्हता; वार्षिक वाचनाच्या तक्त्यात ते आले की एक खूण करून मी पुढे जात असे. त्या दुपारी आवारातल्या काजूच्या झाडाखाली मी ते मोठ्याने वाचले आणि वाचून झाल्यावर म्हणाले, “मी तुझ्यावर रागावले आहे.” सर्वनाम तेच होते. मात्र या वेळी ते त्यालाच उद्देशून होते.

यानंतर काही चमत्कार घडला असे कोणी समजू नये. आवाज आला नाही, प्रकाश दिसला नाही, रागही गेला नाही. एवढेच झाले की ती शांतता पूर्वीसारखी रिकामी वाटेना. संसारात भांडण झाल्यावर दोघेही न बोलता एकाच खोलीत बसून राहतात, त्या अबोल्यात दुसरा माणूस तेथे आहे याबद्दल तिळमात्र शंका नसते. तशी ती शांतता होती. मला ती तीन वर्षांनी मिळाली आणि त्याबद्दल मी त्या साधनागृहाची ऋणी आहे.

चौथ्या दिवशी बार्तीमय आंधळ्याची गोष्ट होती. येशू त्याला विचारतो की मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे. समोर आंधळा उभा असताना हे विचारण्याची गरज काय, असे वर्गातली मुले मला नेहमी विचारत आणि मी काहीतरी उत्तर देत असे. इग्नेशियसच्या पद्धतीत प्रत्येक प्रार्थनेच्या आरंभी ‘मला काय हवे आहे’ ते स्पष्ट मागायचे असते, आणि ते मागायला बसल्यावर कळते की तो प्रश्न किती अवघड आहे. यजमान परत यावेत हे मागता येत नव्हते. धीर मिळावा हे मागितले, पण मागताना जाणवले की हेही अर्जातले वाक्य आहे. दोन तासांनंतर जे मागणे बाहेर आले ते फार लहान होते : संध्याकाळी सात ते नऊ या वेळात मला घरात एकटे वाटू नये. देवाकडे मागावे इतके ते मोठे आहे असे मला कधी वाटले नव्हते. पण खरे तेवढेच होते.

पाचवा दिवस सर्वांत वाईट गेला. सकाळपासून मन कोरडे, झोप येत होती, घरी जावेसे वाटत होते, आणि आदल्या दोन दिवसांत जे झाले ते सारे आपल्याच मनाचे खेळ असावेत अशी शंका येत होती. येथे मार्गदर्शकाचे महत्त्व कळते. फादरांना आश्चर्य वाटले नाही, काळजीही वाटली नाही. अशा शुष्कतेच्या काळात आधी केलेला निर्णय बदलू नये, आणि तासाची प्रार्थना नको झाली असेल तर तास पुरा करून वर थोडा वेळ आणखी बसावे, असा साडेचारशेहून अधिक वर्षांचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता. मी पाच मिनिटे जास्त बसले. त्या पाच मिनिटांतही काही घडले नाही, पण मी उठून गेले नाही, आणि त्या दिवशी माझ्याकडे देण्यासारखे तेवढेच होते. हे एकटीने घरी करणे मला जमले नसते. घरी मी अशा दिवशी पुस्तक मिटून ओट्याकडे वळले असते.

सहाव्या दिवशीच्या उताऱ्याने माझा बराचसा राग शांत केला, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते. योहानाच्या अकराव्या अध्यायात लाजर मेल्यावर मार्था येशूला म्हणते की आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरिया येते आणि शब्दशः तीच तक्रार करते. दोघी बहिणी घरात चार दिवस एकमेकींशी हेच बोलल्या असणार. येशू दोघींपैकी कोणालाही ‘असे बोलू नये’ म्हणत नाही. मार्थेशी तो पुनरुत्थानाबद्दल बोलतो. मरियेचे रडणे पाहून तो स्वतः रडतो. तक्रार एकच, पण मार्थेला मिळाले ते मार्थेला हवे होते आणि मरियेला मिळाले ते मरियेला. वैयक्तिक नाते हा शब्द आमच्या सुवार्तिक सभांतून इतका वापरला जातो की त्याचा अर्थ पुसट झाला आहे. त्याचा अर्थ मला त्या दिवशी या दोन बहिणींकडून कळला. मी आजवर स्वतःला मार्था समजत आले होते आणि लोकांनाही मार्थेचेच उत्तर देत आले होते. ज्यांच्या घरी मी ‘देवाची इच्छा’ म्हणून आले, त्यांच्यापैकी कितीजणांना कोणीतरी सोबत बसून रडायला हवे होते, हा विचार तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही, आणि त्याबद्दल मी देवाकडे क्षमा मागितली आहे.

सातवा दिवस समुद्रकाठच्या न्याहारीचा, योहान एकविसाव्या अध्यायाचा. येशूने पेटवलेल्या कोळशांच्या विस्तवासाठी तेथे जो ग्रीक शब्द आहे तो नव्या करारात दोनच ठिकाणी येतो : एक हा, आणि दुसरा प्रमुख याजकाच्या अंगणातला, जेथे शेकत उभे राहून शिष्य पेत्राने तीन वेळा येशूला नाकारले. ही माहिती फादरांनी एका वाक्यात सांगितली आणि ते थांबले. एखाद्या वक्त्याने त्यावर तास घेतला असता. मला दिवसभर त्या विस्तवापाशी बसता आले.

आता उणिवा. पहिली आणि मला सर्वांत जाणवलेली उणीव भाषेची. आरंभीचे निवेदन इंग्रजीत आणि कोंकणीत झाले, छापील कागद इंग्रजीत होते, मिस्साही त्याच दोन भाषांत. माझे फादर मराठी समजत होते आणि बोलतही होते, पण तो योगायोग होता. नोंदणीच्या वेळी मला भाषा विचारण्यात आली नव्हती. माझे इंग्रजी वाचनापुरते ठीक आहे, तरी ज्या साधनेत माणसाने आपल्या अंतरातले बोलायचे ते परक्या भाषेत बोलणे म्हणजे हातमोजे घालून पीठ मळणे आहे. याच गोव्याच्या भूमीत, साष्टीतल्या रायतूर येथे, थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले; लोकांना ख्रिस्ताची कथा त्यांच्या जिव्हाळ्याच्या भाषेत मिळावी म्हणून त्याने सुमारे अकरा हजार मराठी ओव्या रचल्या. त्याच संघाच्या घरात मराठी साधकासाठी चार पानांचे मराठी टिपण असावे, ही अपेक्षा मला अवास्तव वाटत नाही.

दुसरी गोष्ट उणीव म्हणावी की नाही, मला ठरवता येत नाही. मी प्रोटेस्टंट असल्याने मिस्सात प्रसाद घेऊ शकत नव्हते. पहिल्याच भेटीत फादरांनी ते स्पष्ट आणि आदराने सांगितले, आणि हवे असल्यास हात छातीवर ठेवून आशीर्वादासाठी पुढे यावे असे सुचवले. नियम मला आधीपासून माहीत होता. तरीही आठ दिवस ज्यांच्यासोबत मौनात जेवले त्यांच्यासोबत त्या एका मेजापाशी जेवता आले नाही, याचे दुःख झाले आणि तेही मी प्रार्थनेत सांगितले. माझ्यासारख्या इतर मंडळींतल्या वाचकांनी मनाची ही तयारी करून जावे. बाकी कोठेही मला परके वाटले नाही. मरियेच्या किंवा संतांच्या प्रार्थनांचा आग्रह कोणी केला नाही.

तिसरे म्हणजे आवाज. शनिवारी रात्री किनाऱ्याकडून मोठ्याने लावलेले संगीत दीड वाजेपर्यंत ऐकू येत होते. साधनागृह त्याला काही करू शकत नाही, पण समुद्राकडच्या बाजूची खोली मागू नये एवढे मी सुचवेन. आणि चौथे, शेवट फार घाईचा झाला. आठव्या दिवशी मिस्सा, न्याहारी, फोनचे पाकीट परत, आणि अर्ध्या तासात सगळे बसस्टँडच्या वाटेला. आठ दिवसांच्या मौनातून थेट गर्दीच्या बसमध्ये बसणे कठीण गेले. परतण्यापूर्वीच्या संध्याकाळी एक तास, घरी गेल्यावर काय आणि कसे पाळावे यासाठी, ठेवायला हवा होता.

खर्चाबाबत : ठरलेले शुल्क नाही, दिवसाला साधारण ९०० रुपये एवढे सुचवलेले दान होते आणि ज्यांना ते झेपत नाही त्यांना कमी देण्याची मोकळीक होती. राहणे, चार वेळचे खाणे आणि एका प्रशिक्षित माणसाचे रोजचे पूर्ण लक्ष एवढ्यात मिळते. त्या मानाने ही रक्कम फारच थोडी आहे आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी अधिक द्यावे.

ही साधना सर्वांसाठी नाही, हेही लिहिणे माझे कर्तव्य आहे. ज्यांच्यावर नैराश्यासाठी किंवा अन्य मानसिक आजारासाठी उपचार चालू आहेत त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे आणि साधनागृहालाही पूर्वकल्पना द्यावी. आठ दिवसांचे मौन एकट्या मनावर जड होऊ शकते. नुकतेच जवळचे माणूस गेले असेल तर काही महिने जाऊ द्यावेत. मी पहिल्याच वर्षी गेले असते तर तेथे थांबू शकले नसते असे मला वाटते. ज्यांना व्याख्याने ऐकून ज्ञान वाढवायचे आहे त्यांच्यासाठी इतर चांगल्या जागा आहेत. आणि ज्यांनी कधीच एकांतात प्रार्थना केलेली नाही त्यांनी एकदम आठ दिवसांची उडी न घेता दोन-तीन दिवसांच्या साधनेपासून सुरुवात करावी. सोबत मराठी बायबल, एक कोरी वही आणि चालण्याच्या चपला न्याव्यात. वाचायला इतर पुस्तके नेऊ नयेत. मी तीन नेली होती आणि दुसऱ्या दिवशी ती फादरांनी मागून घेतली.

घरी आल्यावर काय टिकले, हा माझा दुसरा प्रश्न होता. रोज चार तास अर्थात टिकले नाहीत. सकाळी वीस मिनिटे टिकली, तीही खुर्चीआधीच्या त्या दोन पावलांसह. रात्री पंधरा मिनिटांचे ‘एक्झामेन’ टिकले, ज्यात दिवसाबद्दल आभार मानायचे, पाहण्यासाठी प्रकाश मागायचा, दिवस तासातासाने आठवायचा, चुकले त्याची क्षमा मागायची आणि उद्याकडे पाहायचे. मी ते सात वाजता करते, कारण तीच माझी एकटेपणाची वेळ आहे आणि त्याच वेळेसाठी मी मागितले होते. काही संध्याकाळी ते एकटेपण हलके होते, काही संध्याकाळी होत नाही. जानेवारीत सलग तीन आठवडे पाचव्या दिवसासारखी शुष्कता आली होती, तेव्हा मी त्यालाच सांगितले की आज मला तुझ्याशी बोलायची इच्छा नाही, आणि सांगून पंधरा मिनिटे बसून राहिले.

महिला मंडळातही एक बदल झाला. मार्च महिन्यात मंडळीतल्या एका तरुण बाईचे मूल गेले. मी तिच्या घरी गेले, तिच्याजवळ बसले, आणि प्रार्थना करा असे सर्वांनी म्हटल्यावर मी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचले, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि पुढे काही जोडले नाही. एकदोघींना ते आवडले नाही. ती बाई मात्र दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली आणि तेच स्तोत्र कोठे आहे ते दाखवा म्हणाली.

येत्या नोव्हेंबरसाठी मी पुन्हा नाव नोंदवले आहे. या वेळी पत्रातच लिहिले की मराठीतून मार्गदर्शन करणारे कोणी असल्यास बरे, आणि खोली समुद्राकडची नको. उत्तर आले आहे : वसईकडच्या एक सिस्टर त्या आठवड्यात मार्गदर्शनासाठी असणार आहेत, आणि खोली काजूच्या झाडाच्या बाजूची मिळेल.